कळणं आणि कळवणं



२० जुलै २०२३, गुरुवार. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी भाजी निवडत होते आणि समोर टीव्ही चालू होता. एकाएकी माझा मोबाईल असा काही किंचाळला की हातातली जुडी खाली पडली. आतल्या खोलीत यांचा फोन ओरडला, शेजारच्या ब्लॉकमध्येही तोच आवाज. कुकरची शिट्टी नाही, रुग्णवाहिकेचा भोंगा नाही, असला आवाज आजवर ऐकलाच नव्हता. पडद्यावर संदेश आला होता, आधी इंग्रजीत आणि थोड्या वेळाने मराठीत. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. संकट आलं तर एका भागातल्या सगळ्या मोबाईलवर एकदम इशारा देता येतो की नाही, हे बघत होते.

आणि समोर टीव्हीवर काय चालू होतं? इर्शाळवाडी. आदल्या रात्री, म्हणजे १९ तारखेला, इर्शाळगडाच्या कुशीतल्या त्या ठाकर वस्तीवर डोंगर उतरला होता. पनवेलहून ती जागा फार लांब नाही. पावसाळा सरला की आमच्या गच्चीतून प्रबळगड स्वच्छ दिसतो, त्याच्याच शेजारचा हा इर्शाळगड.

त्या चाचणीचा आणि इर्शाळवाडीचा काही संबंध नव्हता हे मला कळत होतं. कोणाला बोल लावावा असंही त्यात काही नाही, चाचणी कधीतरी करावीच लागते. पण हातात किंचाळणारा फोन आणि समोर ती माती, हे एकत्र पाहिल्यावर दिवसभर काही सुचेना. तेव्हापासून हा लेख डोक्यात घोळतोय. आज लिहायला बसले.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे, त्यामुळे सुरुवात व्याकरणानेच करते, रागावू नका. सातवी-आठवीत प्रयोजक क्रियापद शिकवताना मी फळ्यावर जोड्या लिहीत असे. हसणे-हसवणे, बसणे-बसवणे, कळणे-कळवणे. पहिल्यात कर्ता स्वतः करतो, दुसऱ्यात तो दुसऱ्याकडून करवतो. मुलं भराभर लिहून घ्यायची. कळणे आणि कळवणे यांमधलं अंतर केवढं मोठं असतं, ते मला स्वतःला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. ती गोष्ट पुढे येईलच. आधी थोडं मागे जाऊ.

माझं आजोळ अलिबागकडचं. आमच्या लहानपणी दीप अमावास्या आली की आजी दिवे घासता घासता हमखास ‘रामदास’ बोटीची गोष्ट काढायची. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईत नोकऱ्या करणारी आपली कोकणी माणसं अमावास्येला घरी निघाली होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ रेवसला सुटली. हवा बिघडली, काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. किनारा डोळ्यांना दिसावा इतक्या अंतरावर!

त्या बोटीवर बिनतारी संदेश पाठवायचं यंत्र नव्हतं. सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला संध्याकाळपर्यंत नव्हती. जी माणसं वाचली, त्यांतली बरीचशी रेवसच्या कोळ्यांनी वाचवली. ते मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. पाण्यात माणसं दिसल्यावर त्यांनी होड्या तिकडे वळवल्या आणि हाताला लागतील तेवढे वर ओढले.

माझा मोठा मामा तेव्हा मुंबईत गिरणीत होता आणि त्याने अमावास्येला येतो असं कळवलं होतं. आजोबा रेवसच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिले. बोट आली नाही. रात्री बातमी आली. पुढचे चार दिवस त्या घरात चूल नीट पेटली नाही. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. मामाने अमावास्येच्या आदल्या दिवशी टाकलेलं. रजा मंजूर झाली नाही, आता राखीपौर्णिमेला बघतो, वाट पाहू नये. मजकूर एवढाच! आजीने ते कार्ड देवघरात ठेवलं होतं, ते मी पाहिलेलं आहे. आजी सांगायची की बोट बुडाली त्याहून ते चार दिवस तिला जास्त आठवतात.

म्हणजे बघा, मामाला कळलेलं होतं, त्याने कळवलंही होतं. पण कळवण्याला चार दिवस लागले.

याचा अर्थ तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हतं असा नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. भारतीय हवामान खातं १८७५ चं. वादळाची चाहूल लागली की तारेने बंदराला कळवायचं आणि बंदरावर खूण चढवायची, ही पद्धत गेल्या शतकाच्याही आधीची. आपल्याकडे त्याला बावटा म्हणतात. दिवसा आकाराची खूण, रात्री दिव्यांची. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य करंजा, उरण, रेवसकडच्या कोणत्याही कोळणीला समजतं. मला तर वाटतं, आपल्याकडची ही पहिली खरी माहितीची यंत्रणा. निरीक्षण वेधशाळेत, निरोप तारेवर आणि शेवटी एक माणूस दोरी ओढून खांबावर खूण चढवणार. वाचता न येणारालाही ती लांबून दिसते. तिच्यातली शेवटची पायरी मला फार मोलाची वाटते, कारण ती ज्याच्या जिवावर बेतणार त्याच्या डोळ्यांसमोर असते.

गावात हेच काम दवंडी करायची. कोतवाल हलगी वाजवत आळीआळीतून फिरायचा. दवंडीत एक सोय असते, ऐकणारा लगेच विचारू शकतो, ‘काय रे, नदी कुठवर आलीय?’ मोबाईलच्या संदेशाला असं विचारता येत नाही.

पुढचा टप्पा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून महाराष्ट्र नुकता झोपला होता. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली, सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी आपल्या आठवणींत सांगितलंय की विसर्जनामुळे ते जागे होते, मुंबईत धक्का जाणवला, कोयनेकडचा असेल असं वाटून त्यांनी तिकडे फोन लावला आणि तिथून समजलं की केंद्र लातूरकडे, किल्लारीजवळ आहे. एका फोनमुळे सरकार पहाटेच हललं. तो फोन लागला नसता, किंवा कोयनेला यंत्र नसतं, तर सकाळी काय झालं असतं याची कल्पना करा.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, त्याबरोबर आपत्ती व्यवस्थापन हा शब्द आपल्याकडे रुजला. मंत्रालयात नियंत्रण कक्ष, जिल्ह्याजिल्ह्याचे आराखडे, संगणकावरचे नकाशे अशी तयारी सुरू झाली. महाराष्ट्र यात देशात पुढे होता. आम्हा शिक्षकांनाही एकदा प्रशिक्षणाला बोलावलं होतं. चहा-बिस्किटं चांगली होती. फाइल मिळाली. ती मी कपाटात ठेवली.

आणि मग आली २६ जुलै २००५.

मुंबईची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला किती? जेमतेम ७३-७४. दोन वेधशाळांत पंचवीसेक किलोमीटरचं अंतर. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसाला खिडकीतून साधा पाऊस दिसत होता आणि तिकडे कुर्ला, कलिना, सांताक्रूझ पाण्याखाली जात होतं. मुंबईला तेव्हा डॉप्लर रडार नव्हतं. पाऊस मोजला जात होता, पण कुठे किती कोसळतोय ते त्याच तासाला शहराला सांगणारी सोय नव्हती. लोक कचेरीतून घरी निघाले आणि वाटेत अडकले. राज्यभरात हजाराहून अधिक बळी गेले. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळून दोनशेच्या आसपास माणसं गेली, त्या गावांशी तर संपर्कच तुटला होता.

आता माझी गोष्ट सांगते. मुलांना थोडी ठाऊक आहे, पूर्ण कधी सांगितली नव्हती.

त्या मंगळवारी मुख्याध्यापक बाहेरगावी होते आणि पर्यवेक्षिका म्हणून शाळेची जबाबदारी माझ्यावर होती. दुपारी पाऊस असा काही धरला की वर्गात दिवे लावावे लागले. पालकांचे दोन-तीन फोन आले. मी ठरवलं, अजून वाढायच्या आत पोरं घरी पोचलेली बरी. अडीच वाजता घंटा द्यायला सांगितली.

शेवटच्या बाकावर कोळीवाड्यातला एक मुलगा बसायचा. अभ्यासात यथातथा, मस्तीत पुढे. तो उठून म्हणाला, ‘‘बाई, आता नका सोडू. चारला भरती हाय, मोठी हाय आज.’’

मला वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी मध्येच. मी म्हटलं, ‘‘भरतीचं तू मला शिकवू नकोस, दप्तर भर.’’

सगळा वर्ग हसला. तोही हसला.

पनवेलची मेख त्या एका वाक्यात होती. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येते आणि पनवेलला वळसा घालून खाडीला मिळते. डोंगरावर धो धो पाऊस आणि खाडीत मोठी भरती एका वेळी आली, की नदीचं पाणी पुढे सरकत नाही. ते मागे, गावात पसरतं. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मोठी भरती होती. भरतीच्या वेळा छापील मिळतात, कोळ्यांच्या घरात त्या तोंडपाठ असतात. ती माहिती माझ्या वर्गातच होती, आणि मी मुलांना नेमकी भरतीच्या तोंडावर रस्त्यावर सोडली.

रात्री नऊला दार वाजलं. वीज गेलेली, फोन बंद. बाहेर एक गृहस्थ कमरेपर्यंत भिजलेले. गाढीपलीकडच्या एका गावातले, सातवीतल्या मुलीचे वडील. मुलगी घरी पोचली नव्हती. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी इतकंच विचारलं, ‘‘बाई, तुम्ही किती वाजता सोडलं?’’

मी वेळ सांगितली. ते काही बोलले नाहीत.

आमचे हे आणि ते गृहस्थ बॅटरी घेऊन बाहेर पडले. मी हजेरीपट काढून बसले. त्यात मुलीचं नाव, जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय, सगळं होतं. ती कोणाबरोबर जाते, कुठल्या वाटेने जाते, तिच्या गावात फोन कोणाकडे आहे, यातलं काहीच नव्हतं. सरकारी रकाने भरताना वीस वर्षांत मला हे कधी खटकलं नव्हतं.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं बघून एका रिक्षावाल्याने तिला पुढे जाऊच दिलं नव्हतं. आपल्या घरी नेलं, बायकोचा कोरडा ब्लाउज-परकर घालायला दिला, पिठलं-भात खाऊ घातला. निरोप कोणाला आणि कसा द्यायचा, ते त्याला तरी कुठे माहीत होतं? ती रात्रभर सुखरूप होती आणि तिचा बाप रात्रभर पाण्यात काठी आपटत फिरत होता. आजीचे चार दिवस मला त्या रात्री समजले.

त्याच वेळी गंमत बघा, अमेरिकेत थोरल्याला टीव्हीवर आणि इंटरनेटवर आमचा पूर दिसत होता. ढगाचं उपग्रहातून काढलेलं चित्र त्याच्यासमोर होतं आणि आम्हाला पुढच्या चौकात काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. दोन दिवस तो फोन लावत होता. आधीच्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा मुंबईच्या काही ब्लॉगर मंडळींनी एकत्र येऊन मदतीची माहिती ब्लॉगवर गोळा केली होती. या पुरातही तसंच झालं. कोण कुठे अडकलंय, कुठे आसरा मिळतोय, ते लोक एकमेकांसाठी लिहीत होते. थोरल्यानेच मला नंतर हे दाखवलं, आणि ब्लॉग म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. म्हणजे आज तुम्ही हे वाचताय त्याचं मूळही त्याच पुरात आहे म्हणायचं!

पण त्याच आठवड्यात दुसरंही घडलं. २८ जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत कोणीतरी उठवलं की धरण फुटलंय, त्सुनामी येतेय. अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि पंधराहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. पाणी आलंच नव्हतं. निरोप पोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो खरा असणं. हातातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फॉरवर्ड’ दाबण्याआधी मला दर वेळी नेहरूनगर आठवतं.

२००५ नंतर पुष्कळ झालं, तेही सांगायला हवं. त्याच वर्षाअखेर देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. कुलाब्याला डॉप्लर रडार आलं, २०२२ मध्ये मुंबईत वेरावलीला दुसरं आलं. डॉप्लर म्हणजे काय, ते मी नातवाला पनवेल स्टेशनावर समजावलं होतं. गाडी शिट्टी देत येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. रडार तसंच करतं. ते रेडिओलहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि परत आलेल्या लहरीतल्या फरकावरून ढग जवळ येतोय की लांब जातोय, किती वेगाने, ते कळतं. मुंबईत जागोजागी आपोआप पाऊस मोजणारी यंत्रं बसली. जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ नावाची प्रणाली सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीची उंची, नाले यांचा एकत्र हिशेब करून कुठल्या भागात पाणी भरेल ते ती आधी सांगते. कोळीवाड्यातल्या त्या पोराने मला जे सांगितलं, तेच आता संगणक सांगतो, फक्त फार बारकाईने. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली तर ते फोनवर सांगतं. शेतात काम करणाऱ्याला त्याचं मोल आपल्यापेक्षा जास्त.

आणि याचा उपयोग होतो हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दोन-तीन दिवस आधीपासून इशारे होते, बावटे लागले होते, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती. घरांची, नारळी-पोफळीच्या वाड्यांची धूळधाण झाली, पण माणसं फार थोडी गेली. आजोबांच्या काळी असं वादळ आलं असतं तर? मात्र वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडे कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाईलला रेंज. मुंबईतले लेक आणि सुना रडकुंडीला आल्या होत्या. त्या चार दिवसांचं पोस्टकार्ड पुन्हा आलंच.

पूर आणि वादळ यांचं हे झालं. दरडीचं अजून अवघड. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. जगाला ते कळलं कसं? सकाळी एसटी आली, ड्रायव्हरने बघितलं तर गावच जागेवर नाही! त्याने मागे जाऊन सांगितलं, तेव्हा यंत्रणा हलली. २०१४ सालची ही गोष्ट, उपग्रह होते, मोबाईल होते, आणि खबर आणली एसटीच्या ड्रायव्हरने.

आणि नऊ वर्षांनी इर्शाळवाडी. धोक्याच्या गावांची यादी सरकारकडे होती, पण तीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, असं विधानसभेत सांगितलं गेलं. वाडीला रस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलातून डोंगर चढून जायचं, जेसीबी वर जाऊच शकत नव्हता. खराब हवेमुळे हेलिकॉप्टरही नाही. जवानांनी आणि स्वयंसेवकांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. मदतीला चढताना अग्निशमन दलातल्या एकाचा जीव गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला. वाडीजवळच मोरबे धरण आहे, नवी मुंबईच्या नळांना त्याचं पाणी येतं. शहराला पाणी जायला वाट होती, वाडीला रस्त्याची वाट नव्हती.

नकाशावर रंग भरणारा संगणक, त्याला जे दिलं जातं तेच दाखवतो. यादी करणारा माणूस रस्ता संपतो तिथे थांबला, तर यादीही तिथेच थांबणार. माझ्या हजेरीपटाचंच मोठं रूप! म्हणून मी दुसऱ्याकडे बोट दाखवायला कचरते.

मग काय करायचं? मला या बाबतीत बांगलादेशचं उदाहरण फार आवडतं. १९७० च्या चक्रीवादळात तिथे निदान तीन लाख माणसं गेली. वादळ येतंय हे तेव्हाही हवामानवाल्यांना कळलं होतं, पण बेटांवरच्या कोळ्या-शेतकऱ्यांपर्यंत ते पोचलं नाही, किंवा पोचून पटलं नाही. १९७२ पासून त्यांनी गावोगावी स्वयंसेवक तयार केले. वरून इशारा आला की गावातलाच माणूस सायकलवर कर्णा घेऊन निघतो, झेंडे लावतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून आसऱ्याच्या इमारतीत नेतो. २००७ ला सिद्र नावाचं तसंच प्रचंड वादळ आलं, तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. तीही कमी नव्हेत, पण कुठे तीन लाख आणि कुठे हे! रडार आणि उपग्रह त्यात होतेच, पण त्यांच्या शेवटच्या टोकाला ओळखीचा माणूस होता. आपल्याकडे ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका नंबरवर फोन केला की गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात आणि सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. दवंडीच ती, नव्या सोंगातली.

आणि हे आता टाळता येणार नाही. आमच्या लहानपणी झड लागायची, आठ-आठ दिवस संथ पाऊस. आता महिन्याचा पाऊस एका दुपारी. हा नुसता म्हातारीचा भास नव्हे. पुण्याच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. समुद्र तापतोय, ढगात पाणी जास्त, आणि पनवेलसारख्या गावात पाणी मुरायच्या जागा भरावाखाली गेल्या. यापुढच्या पावसाळ्यांना जुने अंदाज पुरणार नाहीत.

२००५ नंतर मी एक वही केली. शाळेत तिला सगळे ‘पुराची वही’ म्हणायचे. रकाने पाच: मुलाचं गाव, वाटेत नदी-ओढा कोणता, कोणाबरोबर जातो, गावात फोन कोणाकडे, आणि पनवेलात मुक्कामाला जाता येईल असं घर कोणाचं. पहिल्या पानावर जून ते सप्टेंबरच्या मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा. त्या कोणी लिहून दिल्या असतील? शेवटच्या बाकावरच्या त्याच मुलाने. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो इतका लाजला की दोन दिवस शाळेत आला नाही.

निवृत्त व्हायच्या आदल्या पावसाळ्यात एकदा आम्ही वहीप्रमाणे अकरा मुलांना थांबवून घेतलं, पोषण आहाराच्या तांदळाची खिचडी केली. नदी चढलीच नाही. संध्याकाळी लख्ख ऊन पडलं! दोन पालकांनी मला चार शब्द सुनावले. हवामान खातं लाल इशारा देतं आणि ऊन पडतं, तेव्हा आपण त्यांची टिंगल करतो, त्या वेळी मला ती खिचडी आठवते. इशारा म्हणजे भविष्य नव्हे. दहा वेळा थांबून नऊ वेळा वाया गेलं, तरी दहावी वेळ उरतेच.

तो मुलगा आता चाळिशीकडे झुकलाय. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पावसाळ्यात त्याचा निरोप येतो, ‘‘बाई, उद्या भरती दुपारी सव्वातीनला, मोठी आहे.’’ मी तो खडूने आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहिते. जिन्यातून उतरणारी पोरं हसतात, आजींना वेड लागलंय म्हणतात. हसू देत. वाचतात ना!

ती मुलगी? दोन मुलांची आई आहे आता, खारघरला असते. रिक्षावाल्याच्या घरी दर दिवाळीला फराळाचा डबा जातो.

आता घरच्या मंडळींना एक विनंती, विशेषतः दूरदेशी असणाऱ्या पोरांना. तुमच्याकडे आमचे नंबर आहेत, पण ते बंद पडले तर? आमच्या शेजाऱ्यांचा, दूधवाल्याचा, गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाचा नंबर तुमच्याकडे आहे का? नसेल तर मागून घ्या, आणि फोनमध्ये ठेवाच, शिवाय कागदावरही लिहून ठेवा. भावकीतल्या कोणाचं घर नदीकाठी, डोंगराच्या पोटात असेल, तर त्याची वाट कुठून जाते तेही विचारून ठेवा. आणि या गोष्टी तुमच्या गावात कशा चालतात, ते मलाही जरूर कळवा.

असो. लेख लांबला. बाहेर ढग भरून आलेत, आणि फळ्यावर उद्याची वेळ लिहायची राहिली आहे.